दुखणं नळीचं, औषध पखालीला!

पाठ ओली झाली म्हणजे तो घाम, असं मी सलग तीन रविवार समजत होते. एप्रिल महिना, बोपदेव घाटाचा चढ, पाठीवर हायड्रेशन बॅग. घाम येणारच ना! चौथ्या रविवारी सासवडला नाश्ता करताना दोन लिटरची बॅग गच्च भरून घेतली. परतीच्या वाटेवर घाटमाथा यायच्या आतच नळी ओढली तर तोंडात नुसती हवा. वेळ सकाळचे साडेदहा, डोक्यावर ऊन, डोळ्यांपुढे काजवे. रस्त्याकडेला सायकल टेकवून बसले. मैत्रिणीनं तिची अर्धी बाटली दिली आणि माझ्यामागे उभं राहून शांतपणे म्हणाली, ‘‘अगं, तुझ्या बॅगेतून पाणी टपकतंय.’’

म्हणजे तीन रविवार मी जेवढं पाणी प्यायले, तेवढंच बोपदेवच्या डांबरालाही पाजलं होतं.

ज्यांनी ही बॅग पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये प्लॅस्टिकची एक मऊ पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. तिच्या तळातून एक नळी निघते आणि खांद्यावरून तोंडापाशी येते. नळीच्या टोकाला एक रबरी तोंड असतं, बाइट व्हॉल्व्ह. दातांनी हलकंसं दाबलं की पाणी येतं, सोडलं की बंद. हँडलवरचा हात न काढता पाणी पिता येतं. पुण्यातले खड्डे आणि अचानक आडवे येणारे दुचाकीस्वार बघता ही चैन नाही, गरज आहे.

मला गळतीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या ग्रुपला यंदा पहिली २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. मी मनातल्या मनात त्यातून नाव काढून घेतलं होतं. ‘आपल्याला फार घाम येतो, फार तहान लागते, दोन लिटरही पुरत नाही, आपला स्टॅमिनाच नाही’ हे निदान मी स्वतःचं करून मोकळी झाले होते. गळत होती बॅग आणि नापास केलं मी स्वतःला.

ग्रुपचा निकाल आणि माझा जुगाड

त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकला. दोन मिनिटांत निकाल लागला. ‘फेकून दे, नवीन घे.’ ‘सेल चालू आहे, लिंक पाठवतो.’ ‘अगं, जुनी आहे, जाऊ दे ना.’ सात जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की गळतंय कुठून.

मीही विचारलं नाही, हे आधी कबूल करते. बॅग एका सीनियर दादानं पासआउट होताना दिलेली, त्यामुळे फेकायचं मन होईना. मग मी दुसरा मार्ग घेतला, आपला राष्ट्रीय मार्ग. जुगाड! पाणी तळाशी दिसत होतं. ब्लॅडरची खालची शिवण तळाशीच होती. म्हणजे शिवणच गेली असणार. ड्रॉवरमधलं फेविक्विक काढलं आणि शिवणीवर ओतलं. वाळल्यावर पाणी भरून रात्रभर बादलीवर टांगून ठेवलं. सकाळी थेंबही नाही. स्वतःवरच खूश!

पुढच्या रविवारी पाठ पुन्हा ओली. फेविक्विक वाळून काचेसारखं कडक झालं होतं आणि बॅग वाकल्याबरोबर त्याचे टवके उडाले होते. मग सायकलच्या पंक्चर किटमधलं सोल्यूशन लावून वर ठिगळ चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते कागदासारखं निघून हातात आलं. हे सगळं करणारी मुलगी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चांगले मार्क आहेत, हे घरच्यांना सांगू नका.

शेवटी कॉलेजजवळच्या चौकातल्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी असली बॅग आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. उलटीपालटी केली, माझी कलाकुसर बघून हसले आणि म्हणाले, ‘‘ताई, आधी कुठनं जातंय ते तर बघू.’’

‘‘काका, खालून जातंय. शिवणीतून.’’

‘‘खालून तर सगळंच जातं. पाणी खालीच येणार की.’’

फ्लुइड मेकॅनिक्सच्या अख्ख्या पेपरात मी हे एवढं सोपं वाक्य लिहिलं नव्हतं.

त्यांनी ब्लॅडरमध्ये हवा भरायला लावली, झाकण घट्ट केलं आणि ट्यूब बुडवतात त्या पाण्याच्या टपात बुडवली. एकही बुडबुडा नाही. शिवण ठणठणीत. मी म्हटलं, ‘‘बघा, म्हणजे गळतच नाहीये.’’ ते म्हणाले, ‘‘नळी कुठाय हिची? सायकल चालवताना नळी लावता ना? मग बघताना पण लावा.’’

नळी लावली आणि बुडवली. जिथे नळी पिशवीत खटकन बसते त्या जोडातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. माझ्या बॅगेत नळी काढली की तो जोड आपोआप बंद होतो, आत तशी झडप असते. मी घरी नळी काढून तपासत होते, म्हणून रात्रभरात थेंब पडला नाही आणि मला वाटलं, माझं फेविक्विक जिंकलं. जोडावरची रबराची गोल रिंग, म्हणजे ओ-रिंग, एका बाजूनं चिरली होती. वाटाण्याएवढी वस्तू. शेजारच्या गल्लीत पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जुनी रिंग दाखवली. त्यानं डब्यातून तशीच एक काढून दिली. दहा रुपये.

हल्या, पखाल आणि आपण

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे दुखणं हल्याला आणि औषध पखालीला!’’ मला हल्याही माहीत नव्हता आणि पखालही. पखाल म्हणजे पाणी वाहायची चामड्याची मोठी पिशवी. हल्या म्हणजे ती पाठीवर वाहणारा रेडा. नळ नव्हते तेव्हा गावागावांत पाणी असंच घरोघरी यायचं. आजारी पडला रेडा आणि इलाज चालू आहे पिशवीवर, असा त्या म्हणीचा अर्थ. माझ्या पाठीवर तर आधुनिक पखालच होती. म्हण माझ्यासाठीच केली असावी इतकी फिट बसली. फरक एवढाच की माझ्या बाबतीत मी स्वतःलाही हल्या समजून औषध द्यायला निघाले होते.

आता मुद्द्यावर येते. दुरुस्तीबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणतं, वापरा आणि फेका. दुसरं म्हणतं, आम्ही भारतीय, जुगाड आमच्या रक्तात आहे. ही दोन विरुद्ध मतं आहेत असं आपल्याला वाटतं. मला आता ती जुळी भावंडं वाटतात. ‘नवीन घे’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी गळती शोधली नाही आणि फेविक्विक ओतणाऱ्या मीही शोधली नाही. दोघांनीही निदान न करता उपचार केला. त्यांचा उपचार महाग होता आणि माझा स्वस्त, एवढाच फरक.

आपल्या पिढीला हातानं काही दुरुस्त करता येत नाही, अशी तक्रार मोठी माणसं करतात. मला ती अर्धीच खरी वाटते. व्हिडिओ बघून आपण काहीही शिकतो. हात चालतात आपले. कमी पडतो तो त्याआधीचा अर्धा तास. काहीही न चिकटवता, काहीही न मागवता, फक्त बघत बसायचा अर्धा तास. काकांनी माझ्या बॅगेला एक थेंबही गोंद लावला नाही. त्यांनी फक्त तिला पाण्यात धरून ठेवलं आणि वाट पाहिली.

गंमत म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती घरगुती खटपटीतून. १९८९ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये विचिटा फॉल्स या गावी ऐन ऑगस्टच्या उन्हात १०० मैलांची सायकल राइड होती. नावच ‘हॉटर एन हेल हंड्रेड’, म्हणजे नरकाहून गरम. मायकल आयडसन नावाचा सायकलस्वार त्यात उतरला होता. पेशानं तो रुग्णवाहिकेवर काम करणारा वैद्यकीय तंत्रज्ञ. त्यानं सलाइनची पिशवी पाण्यानं भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला अडकवली, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि तिच्या तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ हा ब्रँड उभा राहिला.

याला आपण जुगाड म्हणून टाळ्या वाजवू. पण नीट बघा. हाताला लागेल ते त्यानं चिकटवलं नव्हतं. सलाइनची पिशवी कशी वागते हे त्याला रोजच्या कामातून माहीत होतं. आणि अडचण नेमकी काय आहे तेही त्याला माहीत होतं. पाणी सोबत असतंच, पण बाटली काढायला हात सोडावा लागतो. आधी नेमकी अडचण ओळखली, मग मोजा शोधला. माझं फेविक्विक आणि त्याचा मोजा यांत हाच फरक.

आधी शोधा, मग ठरवा

नुसतं तत्त्वज्ञान नको म्हणून मी गेल्या दोन महिन्यांत स्वतःची आणि ग्रुपमधल्या तिघांची बॅग तपासून जे शिकले, ते सांगते.

सगळ्यात आधी, ती खरंच गळते का ते बघा. उन्हाळ्यात आपण फ्रिजचं पाणी, वर बर्फ भरतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो तसाच ब्लॅडरलाही फुटतो. पाठ ओली होते आणि आपल्याला वाटतं गळती. म्हणून तपासताना साधं पाणी भरा, बाहेरून कोरडं पुसा आणि ब्लॅडर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. हीच पुरवणी चालेल, वाचून झाल्यावर. अर्धा तास एका बाजूवर, अर्धा तास दुसऱ्या बाजूवर, वर एखादं हलकं पुस्तक. कागद कुठे ओला होतो ते बघा. मग झाकणाच्या बाजूनं उलटी धरा. मग नळी लावून व्हॉल्व्ह खाली लोंबता ठेवा. शेवटी पाणी काढून हवा भरा आणि नळीसकट बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला की पेननं गोल करा. बॅग जशी वापरता तशीच तपासा, ही काकांची शिकवण.

तिघांतल्या एकाच्या बॅगेत तर बिघाडच नव्हता. त्याला सॅक जमिनीवर टाकायची सवय. व्हॉल्व्ह सॅकखाली दाबला जायचा आणि नळीवाटे निम्मं पाणी वाहून जायचं. त्याच्या व्हॉल्व्हला बंद करायची कळ होती. वर्षभरात त्यानं ती एकदाही फिरवली नव्हती.

दुसरीचा व्हॉल्व्ह ठिबकत होता. ती त्यातून ग्लुकोज घालून पाणी प्यायची आणि व्हॉल्व्ह कधीच धुवायची नाही. फटीत साखरेचा थर बसल्यामुळे ती मिटतच नव्हती. कोमट पाण्यात भिजवून बोटानं चोळलं, थांबलं. फट फाटलीच असेल तर मात्र तेवढं तोंड बदलावं लागतं. नळीचं टोक सैल झालं असेल तर अर्धा इंच कापून टाका, उरलेलं टोक गरम पाण्यात मऊ करून पुन्हा बसवा.

ओ-रिंग बदलताना जुनी सोबत न्या. डोळ्यांच्या मापानं घेऊ नका. आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळायला हवं. पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी रिंग मागा, फिल्टरवाल्यांकडे ती मिळते. बसवताना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका. काही रबरं तेलानं फुगतात. पाण्याचं बोट पुरतं.

तिसऱ्याच्या ब्लॅडरला खरोखर भोक होतं. सॅकमध्ये टाकलेल्या मल्टी-टूलचं टोक घासून घासून पडलेलं, सुईच्या अग्राएवढं. इथे गोंद लागतो, पण कुठलाही नाही. चांगल्या ब्लॅडर बहुतेक थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या, म्हणजे टीपीयूच्या असतात. हे रबर नाही, म्हणून ट्यूबचं सोल्यूशन त्यावर टिकत नाही. फेविक्विक कडक होऊन तडकतं. खिडक्यांना लावतात ते सिलिकॉनही धरत नाही. तंबू, रेनकोट, बूट यांच्यासाठी मिळणारा, वाळल्यावरही लवचिक राहणारा पॉलियुरेथेनचा गोंद लागतो. जागा स्पिरिटनं पुसायची, बारीक पॉलिश पेपरनं किंचित खरवडायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग बाहेरच्या बाजूनं भोकाच्या सगळीकडे सेंटिमीटरभर पसरेल असा पातळ थर द्यायचा आणि सपाट ठेवून २४ तास विसरून जायचं. विसरून जाणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. नंतर दोन-तीनदा पाणी भरून ओतायचं, पुन्हा कागदावर तपासायचं. गोंदाचा वास जात नसेल तर ती बॅग पिण्यासाठी वापरू नका. दुरुस्तीच्या हट्टापायी पोट बिघडवायचं कारण नाही.

आणि हो, काही बॅगा मरतात. शिवण वीतभर उकलली असेल, प्लॅस्टिक चिकट होऊन तडे गेले असतील, तर घरगुती इलाज नाही. वॉरंटी असेल तर ती वापरा. नसेल तर नवीन ब्लॅडर घ्या, सॅक तीच ठेवा. नळीत काळी बुरशी धरली असेल आणि ब्रश व खायचा सोडा लावूनही जात नसेल, तर नळी बदला. पण ब्लॅडर टाकण्याआधी तिचं अवयवदान करा. झाकण, व्हॉल्व्ह, धडधाकट नळी काढून ठेवा. सेम कंपनीची बॅग वापरणाऱ्या कुणाच्या तरी ते कामी येतं. फेकणं हा गुन्हा नाही. न बघता फेकणं हा आळस आहे.

वेळ कुणाकडे आहे?

आता यावरचे आक्षेप. मला ते ग्रुपवर ऐकवून झालेत.

पहिला : ‘‘दहा रुपयांच्या रिंगसाठी तू पंधरा दिवस घालवलेस. त्या वेळाची किंमत काय?’’ प्रश्न रास्त आहे. पण पंधरा दिवस रिंगमुळे गेले नाहीत. ते न शोधल्यामुळे गेले. काकांकडे सगळं मिळून वीस मिनिटं लागली. शिवाय ‘नवीन घे’वाल्यांनी तो सेल, ते रिव्ह्यू, ती तुलना यात जो अख्खा शनिवार घालवला, तो कुणी मोजला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : ‘‘कंपन्यांनाच दुरुस्ती नको असते, आपण काय करणार?’’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. सुटे भाग मिळाले तर अख्खा सेट मिळतो. दहा रुपयांच्या रिंगचं माप कुठेच छापलेलं नसतं. पण यावर जगभरात हालचाल सुरू आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ‘ही किती सहज दुरुस्त होते’ याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघानं २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानंही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. माझी पखाल त्यात बसत नाही. पण तुमचा फोन बसतो, आणि गावाकडे बाबांचा ट्रॅक्टर असेल तर तोही. कुठला भाग गेला हे सांगता आलं, तरच तो भाग मागता येतो. ‘चालत नाहीये’ एवढंच सांगणाऱ्याला दुकानदार नवीन वस्तूच दाखवणार. हक्क मागायलासुद्धा निदान लागतं.

तिसरा आक्षेप माझाच, माझ्यावर. काकांनी पैसे घ्यायला नकार दिला. ‘‘काय केलं काय मी? पाण्यात तर धरली.’’ मी आधी थँक्यू म्हणून निघालेसुद्धा. मग अर्ध्या रस्त्यातून परत आले. कोचिंगवाल्याला, फोनच्या कव्हरला, कॉफीला आपण न बोलता पैसे देतो. पण ज्यानं ‘नेमकं काय बिघडलंय’ ते सांगितलं त्याला पैसे देताना हात आखडतो, कारण त्यानं ‘काही लावलं नाही’. डॉक्टरला आपण फी कशाची देतो? काकांनी खूप आग्रहानंतर वीस रुपये घेतले. मला ते कमीच वाटतात. दुरुस्तीची दुकानं टिकावीत असं म्हणायचं आणि तिथेच घासाघीस करायची, हे चालणार नाही.

कॉलेजात एक टेबल

माझी मागणी छोटी आहे. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकाराशेजारी बसा, दोघं मिळून उघडा. आता तो अनेक देशांत चालतो. बंगळुरूमध्येही २०१५ पासून असे कॅफे भरतात. आपल्या कॉलेजांत डे आहेत, फेस्ट आहेत, सेल्फी पॉइंट आहेत. महिन्यातून एका शनिवारी कँटीनमध्ये एक टेबल, एक बादली, थोडे स्क्रूड्रायव्हर आणि मानधन देऊन बोलावलेले चौकातले काका, एवढं जमायला काय हरकत आहे? आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानसीनं घासून ‘जॉब’ करायला लावतात. तो जॉब पुढे कशाला लागतो हे मला अजून कळलेलं नाही. त्याऐवजी एकदा तरी कुणी बंद पडलेली वस्तू समोर ठेवून सांगावं, ‘हात लावू नका, आधी अर्धा तास बघा.’

कारण ही सवय फक्त बॅगेपुरती नाही. सेमिस्टरला विषय राहिला की आपण लगेच नवा क्लास लावतो. लेक्चर कळत नव्हतं, लिहायचा सराव नव्हता की झोपच होत नव्हती, हे बघतच नाही. फोन हँग झाला की नवा फोन. मित्र तुटक बोलला की ब्लॉक. धाप लागली की ‘माझा स्टॅमिनाच नाही’. प्रत्येक वेळी पाणी जिथे टपकतं तिथेच आपण बोट ठेवतो. पावसाळ्यात स्लॅब गळतो तेव्हा घरातली मोठी माणसं सांगतात ना, डाग इथे दिसतोय म्हणून भेग इथेच असेल असं नाही, वर जाऊन बघायला पाहिजे. तेच. वर जाऊन बघायला पाहिजे.

बीआरएमच्या यादीत मी पुन्हा नाव घातलंय. जमेल की नाही माहीत नाही. पण नाही जमलं तर कारण नीट शोधीन, एवढं ठरवलंय.

गेल्या रविवारी पुन्हा बोपदेव केला. घाटमाथ्यावर पोचले तर पाठ पुन्हा ओली! पोटात गोळा आला. सायकल थांबवली, बॅग उतरवली, ब्लॅडर बाहेर काढून चाचपली. बाहेरून कोरडी ठक्क, आत लिटरभर पाणी शिल्लक. मग पाठीवरून हात फिरवला आणि बोट जिभेला लावून बघितलं.

खारट. घामच होता.